दरवर्षी वाहून जाणारा बांध : धामणी खोऱ्यातल्या एका गावाचं पाणी

कोल्हापूरच्या माणसानं पाणीटंचाईचं नाव काढलं की बाहेरचे हसतात. तुमच्याकडं तर पूर येतो की दरवर्षी, म्हणतात. येतो, नाही कोण म्हणतंय, 2019 ला आणि परत 2021 ला राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली होती आणि तिथली धोक्याची पातळी आहे 43 फूट. पण हेच पाणी ज्या डोंगरातनं येतं तिथं मार्च उजाडला की नदीच्या पात्रातनं लोक टू-व्हीलर घालतात, आणि हे मी धामणी खोऱ्याबद्दल बोलतोय, जिथल्या एका गावाच्या बंधाऱ्याची सगळी गोष्ट इथं लिहायची आहे. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण ज्यांची भांडणं झाली ती माणसं आजही बांधाला बांध लावून शेती करतात आणि एकाच डेअरीत दूध घालतात.

आधी जागा समजून घ्या. पंचगंगा म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती, पाचवी सरस्वती गुप्त मानलेली. प्रयाग चिखलीच्या संगमापासनं पुढं तिला पंचगंगा म्हणायचं, ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. धामणी ही त्यातल्या कुंभीची उपनदी. खोरं लहान, पण पन्हाळा, राधानगरी आणि गगनबावडा अशा तीन तालुक्यांत वाटलेलं, त्यामुळं नदी एक आणि तहसीलदार तीन. गगनबावड्याकडं वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तिकडं पूर्वेला शिरोळात त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. पण हा सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात येतो आणि बहुतेक सगळा तसाच खाली पळतो. डोंगरमाथ्यावर जांभ्याचे सडे, खाली काळा पाषाण, जांभ्यात जे काय मुरतं ते झऱ्यांतनं हळूहळू बाहेर येतं आणि झरे साधारण माघ-फाल्गुनापर्यंत टिकतात. मग संपलं.

आता भोगावतीवर राधानगरी आहे, तुळशीवर धामोडला धरण आहे, कुंभी आणि कासारीवरही धरणं आहेत, त्यामुळं या नद्यांत उन्हाळ्यात वरनं पाणी सोडता येतं. धामणीवर असं काही नव्हतं. राईला 3.85 टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) धरण मंजूर झालं, 2000 च्या सुमारास कामाला सुरुवात झाली, आणि मग निधी, पुनर्वसन वगैरे करत करत ते दोन दशकांहून जास्त रेंगाळलं. एक आख्खी पिढी "यंदा धरण होतंय" ऐकत म्हातारी झाली. तोवर लोकांनी काय करायचं? तर खोऱ्यातल्या गावांनी नदीत स्वतःच्या पैशानं मातीचे बंधारे घालायचे, आणि पहिल्या पुरात ते वाहून गेले की पुढच्या वर्षी परत घालायचे.

बांध कसा घालतात ते सांगतो, कारण पुढचे सगळे नियम याच कामातनं आलेत.

भाताची कापणी-मळणी उरकली आणि नदीची धार आवरली की जागा साफ करायची. जागा ठरलेली असते, दोन्ही काठ उंच आणि पात्र अरुंद अशी. आधी तळातली वाळू-गोटे काढायचे, कारण वरनं कितीही माती टाका, खालनं पाणी पाझरलं तर बांध आतनं पोकळ होतो. मग खताच्या आणि सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून दोन रांगा रचायच्या, मधल्या पोकळीत चिकण माती टाकून तुडवायची, पाण्याच्या बाजूनं प्लॅस्टिकचा कागद लावायचा, तळाला एक सिमेंटचा पाईप आडवा ठेवायचा आणि एका अंगाला दगडी सांडवा. पूर्वी हे बैलगाड्या आणि पाट्यांनी व्हायचं, घरटी एक माणूस, आता जेसीबी आणि ट्रॅक्टर येतो. काम तेवढंच, फक्त घामाऐवजी डिझेलचं बिल.

साधारण 25 मीटर लांब, 4 मीटर जाड आणि 3 मीटर उंच बांध धरला तर माती होते 300 घनमीटर, म्हणजे शंभर ब्रासच्या वर (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). ती येते कुठनं? कुणाच्या तरी रानातनं. नदीकाठचा एक जण माती देतो आणि त्या बदल्यात त्याची वर्गणी माफ, हा करार कुठं कागदावर नाही पण कुणी मोडलेलाही नाही. आणि ही शंभर ब्रास माती जूनमध्ये नदीत जाते. दरवर्षी. प्रत्येक बांधाची. लोकसहभागाचं कौतुक करताना हे कुणी बोलत नाही म्हणून मी आधीच बोलून ठेवतो.

आता अडलेलं पाणी किती? समजा बांधामागं एक किलोमीटर लांब, वीस मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल पाणी थांबलं, तर ते झालं 30 हजार घनमीटर, तीन कोटी लिटर. ऐकायला लई मोठं वाटतं. एक एकर उसाला एक पाणी द्यायचं, तीन इंच धरा, तर तीन लाख लिटर लागतात, म्हणजे आख्ख्या डोहात शंभर एकराचं एक पाणी. एकच. ऊस वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी मागतो हे लक्षात घेतलं तर या डोहाची लायकी कळते. पाच एचपीची मोटर काठाची चढण धरून सेकंदाला दहा लिटर उपसते असं माना, आठ तासांत जवळजवळ 288 घनमीटर, आणि अशा वीस मोटरी एकदम चालू झाल्या तर मागनं धार नसताना डोह पाच दिवसांत कोरडा. पाच दिवस फक्त! म्हणजे नियम नसतील तर बांध घालून उपयोग नाही, बांध घालणं हे निम्मंच काम आहे आणि तेही सोपं निम्मं.

वर्गणी ठरवायची बैठक दिवाळीनंतर लगेच होते. का, तर दिवाळीला दूध फरकाचं, म्हणजे वर्षभर घातलेल्या दुधावर नंतर मिळणाऱ्या जादा पैशाचं, बिल आलेलं असतं. कोल्हापूर जिल्ह्यात ज्याच्या दारात म्हैस आहे त्याला हे समजावून सांगायला नको, दर दहा दिवसाला दूध बिल आणि दिवाळीला फरक, गावातल्या रोख पैशाचं घड्याळ यावरच चालतं. गावानं वर्गणीचा हिशेब डेअरीच्या सेक्रेटरीकडं दिलाय, वही त्याच्याकडं, आणि थकलेली वर्गणी सभासदाच्या लेखी संमतीनं दूध बिलातनं दहा दहा दिवसाला थोडी थोडी कापून घेतात. मला विचाराल तर या सगळ्या व्यवस्थेतली सगळ्यात हुशार गोष्ट हीच. बंधाऱ्याची वेगळी संस्था काढली असती तर अध्यक्ष कोण, उपाध्यक्ष कोण यावरच दोन वर्षं गेली असती. इथं वसुलीचं यंत्र आधीच गावात होतं, लोकांचा त्यावर विश्वास होता, कारण फॅट आणि एसएनएफचा (दुधातल्या फॅट सोडून बाकी घन भागाचा) आकडा जो माणूस रोज दोनदा डोळ्यासमोर लिहितो तो वर्गणीचा आकडा खोटा लिहिणार नाही असं लोक मानतात. (फॅटवरनं भांडणं होतातच, पण तो विषय वेगळा.)

वर्गणी सातबाऱ्यावरच्या क्षेत्रावर नाही, जेवढं रान त्या डोहावर भिजतं तेवढ्यावर. उसाला जास्त, गहू-हरभऱ्याला कमी, वैरणीला त्याहून कमी. ज्याला पैसा जमत नाही त्यानं ट्रॅक्टरच्या खेपा द्यायच्या किंवा अंगमेहनत. ग्रामपंचायतीच्या पिण्याच्या पाण्याचं जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, याच डोहात आहे, त्याला वर्गणी नाही. यावर पहिल्यांदा बरंच वाजलं होतं, कारण शेतकरी म्हणाले पाणी सगळं गाव पिणार आणि पैसे आम्हीच का भरायचे, आणि त्याला एका म्हाताऱ्या आक्कांनी उत्तर दिलं ते असं, "तुमच्या उसाच्या भांगलणीला आम्हीच येतो न्हवं? मग तवा पानी पिऊन येतो का तसंच येतो?" विषय तिथंच संपला.

पाळ्या काठावार आहेत. एक आठवडा डावा काठ दिवसा आणि उजवा रात्री, पुढच्या आठवड्यात उलट. हे शेतीच्या लाईटच्या वेळापत्रकाला जुळवलंय, कारण लाईट कधी दिवसा आठ तास आणि कधी रात्रीची, आणि थंडीत रात्री दोनला उठून रानात जायचं कुणालाच नको असतं, शिवाय गव्यांचा त्रास आहेच. कुणाकडं मीटर नाही. तास मोजायचे, बस. डिझेल इंजिन लावायचं नाही हा नियम वरनं साधा दिसतो पण फार महत्त्वाचा आहे, कारण लाईटची मोटर चालू आहे का बंद ते सगळ्यांना माहीत असतं, लाईट गेली की सगळे सारखे, इंजिनवाला मात्र कुणाला न विचारता कधीही उपसू शकतो.

पाळी मोडली तर काय? पहिल्यांदा घरी जाऊन सांगायचं, तेही त्याच्याच भावकीतल्या माणसानं. दुसऱ्यांदा मोटरीच्या पेटीतला फ्यूज काढून डेअरीत आणून ठेवायचा, आणि तो न्यायला त्यानं स्वतः यायचं, सकाळच्या दूध घालायच्या वेळेत, म्हणजे रांगेतल्या सगळ्यांसमोर. पैशाचा दंड लिहून ठेवलाय पण तो वसूल झाल्याचं कुणाला आठवत नाही, कारण फ्यूजच पुरतो. अमेरिकेतल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम बाईंना 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते सामायिक साधनं लोक स्वतः कशी सांभाळतात याच्या अभ्यासासाठी, आणि चुकीच्या मानानं शिक्षा हळूहळू वाढत जावी, एकदम डोक्यात दगड घालू नये, हा त्यांच्या निष्कर्षातला एक मुद्दा. आमच्या डेअरीच्या सेक्रेटरीला हे नाव माहीत नाही आणि माहीत असायची गरजही नाही.

अजून एक नियम आहे, काठावरच्या एका खडकाला पांढरा रंग मारलाय, पाणी त्या खुणेच्या खाली गेलं की सगळ्या मोटरींचे फुटबॉल वर उचलायचे. फुटबॉल म्हणजे सक्शन पाईपच्या तळाला असतो तो व्हॉल्व्ह, गावात त्याला दुसरं नाव नाही. खुणेखालचं पाणी जनावरांचं आणि पिण्याचं. त्यात ऊस वाळला तरी हात घालायचा नाही.

आता त्या वर्षाची गोष्ट, ज्या वर्षी हे सगळं मोडायला आलं होतं.

पाऊस सप्टेंबरातच आटपला होता. परतीचा पडलाच नाही म्हटलं तरी चालेल. वरच्या गावानं घाबरून आपला बांध नेहमीपेक्षा दोन आठवडे आधी घातला आणि तळाला पाईप ठेवलाच नाही, पाईप महाग झाला म्हणाले. त्याच्या खालच्या, म्हणजे आपल्या गावाचा बांध तयार झाला तर मागं पाणी येईना. डोह भरायच्या ऐवजी नुसती ओल. चार-पाच दिवस लोकांनी वाट बघितली, मग पोरं पेटली. तालमीपुढं रात्री बैठक, "चला फोडून येऊ, एक कुदळ पुरे" इथपर्यंत गेलं आणि खरं सांगायचं तर ते अवघड नव्हतंच, मातीचा बांध फोडायला अर्धा तास लागतो. म्हणूनच तो फोडला गेला नाही असं मला वाटतं. कारण आज आपण त्यांचा फोडला तर उद्या ते नाही पण आपल्या खालचं गाव आपला फोडणार, हे त्या बैठकीतल्या एका तात्यांनी सरळ बोलून दाखवलं, की बाबांनो आपण बी कुणाच्या तरी वरच्या अंगाला हाय. सिमेंटची भिंत असती तर असा विचार करायची पाळी कुणावर आली नसती.

मग पोलीस स्टेशन नाही आणि तहसील तर नाहीच, दोन गावं दोन तालुक्यांत, कुठल्या तहसीलदाराकडं जाणार? गावानं दोन माणसं पाठवली, ज्यांची सोयरीक वरच्या गावात होती. एकाची बहीण तिथं दिलेली, दुसऱ्याची सून तिथली. पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाला चहा द्यावाच लागतो आणि चहा दिला की बोलावं लागतं. दोन दिवसांनी मधल्या देवीच्या देवळात तीन गावं बसली, वरचं, आपलं आणि आपल्या खालचं.

वरचं गाव म्हणायचं पाणी आमच्या हद्दीत उगवतं. खालचं म्हणायचं नदी काय तुमच्या सातबाऱ्यावर लावलीय का. हे दोन तास चाललं. मग कुणीतरी, बहुतेक खालच्या गावातल्या एका शाळामास्तरांनी, हिशेब मांडला. नदीला आज सेकंदाला शंभर लिटर जरी धार धरली तरी दिवसाला 8,640 घनमीटर होतात, 30 हजारांचा डोह साडेतीन दिवसांत भरतो. तीन डोह अकरा दिवसांत. म्हणजे वरच्या गावानं आधी खालचे दोन भरू दिले तरी त्याला आठवडाभरच थांबायचंय. धार आटायला अजून महिना-दीड महिना होता. म्हणजे भांडण पाण्याचं नव्हतंच, एकदा सोडलं तर परत आपल्याला मिळेल का याचं होतं, आणि आकड्यानं हे उघडं पडल्यावर वरच्या गावाला नाही म्हणायला जागा राहिली नाही.

ठरलं ते असं. पुढच्या वर्षापासनं तिन्ही बांध एकाच आठवड्यात घालायचे. प्रत्येक बांधाला तळात पाईप पाहिजेच, तिन्हीचे पाईप एकाच मापाचे, आणि तिन्ही गावांनी मिळून एकदमच विकत आणायचे म्हणजे महाग पडला हे कारण नको. खालचा डोह आधी भरायचा, मग मधला, मग वरचा. सगळे भरले की पाईपाला बूच. फेब्रुवारीपासनं ठरलेल्या रात्री बूच काढून खाली पाणी द्यायचं, आणि बूच काढायला वरच्या गावाचा आणि खालच्या गावाचा असे दोघं हजर पाहिजेत. त्या वर्षापुरतं वरच्या गावानं बांधाच्या एका अंगाला चर मारून पाणी सोडलं. थोडी कुरकुर झाली, पण सोडलं.

बरं, एवढं करून त्याच वर्षी मध्येच अवकाळी झाला, डोंगरात रात्रीत जोराचा पाऊस, आणि मधला बांध म्हणजे आपलाच सांडव्याच्या कडेनं कातरला आणि सकाळपर्यंत निम्मा गेला. दुसरी वर्गणी काढायची वेळ आली तेव्हा ज्यांचा ऊस कारखान्याला गेला होता आणि खोडवा (तोडलेल्या उसाचं परत फुटणारं पीक) ठेवायचा नव्हता ते म्हणाले आम्हाला आता पाणी नको, आम्ही का भरू. नियमात याला उत्तर नव्हतं. शेवटी निम्मी दुरुस्ती शिल्लक पैशातनं, निम्मी खोडवा आणि वैरण असलेल्यांकडनं, आणि तेव्हापासनं पहिल्याच वर्गणीत थोडं जास्त घेऊन ते डेअरीत वेगळ्या खात्याला ठेवतात. सांडवा आता मोठा करतात, आणि दगड रचून त्यावर जाळी टाकतात.

हे सगळं वाचून गाव म्हणजे अगदी आदर्श वाटलं असेल तर थांबा. बैठकीला कोण बसतं? रान असलेले पुरुष. बांधाला राबतात ते बरेचसे बिनजमिनीचे, त्यांना मजुरी मिळते आणि बैठकीत जागा नाही. बायकांचं म्हणणं बरीच वर्षं एकच होतं, कपडे धुवायची जागा जॅकवेलच्या खालच्या अंगाला द्या आणि तिथं उतरायला चार दगड नीट लावा, कारण डोह भरला की काठ निसरडा होतो. मोटरवाल्यांना हा विषयच वाटत नव्हता. तो सुटला तो बंधाऱ्याच्या बैठकीत नाही, बचत गटाच्या बायकांनी दूध संस्थेच्या सभेत बोलून दाखवला तेव्हा, कारण दूध त्यांच्या नावावर होतं आणि सभासद म्हणून त्यांना तिथं बोलायला कुणी अडवू शकत नव्हतं. वर्गणीची वही डेअरीत असण्याचा हा एक फायदा कुणी ठरवून केलेला नव्हता.

दुसरी खोट म्हणजे ऊस. पाळ्या कितीही नीट पाळा, दर थोड्या वर्षांनी डोहावर दोन-चार एकर ऊस वाढतो. नियम तासांवर आहे, क्षेत्रावर मर्यादा नाही. ठिबक लावा म्हटलं की लोक म्हणतात मोटरीचं पाणी गढूळ, फिल्टर चोंदतो, आणि ते अगदीच खोटं नाही, मातीच्या बांधामागचं पाणी गढूळ असतंच. पण खरं कारण हे की ठिबक लावून वाचलेलं पाणी वाचवणाऱ्याला मिळत नाही, डोहात राहतं आणि दुसऱ्याची मोटर ते ओढते. मग कोण खर्च करेल.

तिसरं डोंगर. झरे जितके टिकतील तितके दिवस धार टिकते, आणि झरे टिकतात ते माथ्यावरच्या झाडीवर, देवराईच्या तुकड्यावर. इकडचं बरंचसं रान मालकीचं, ठेकेदार येतो, झाडं मोजतो, पैसे देतो. वैरण चांगली फुटते म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगर पेटवायची सवय जुनी. नदीतल्या पाण्यावर एवढे नियम, डोंगरावर एकही नाही. देवराईत कुणी कोयता लावत नाही, पण ते देवीच्या धाकानं, बांधाच्या बैठकीनं कधी त्याची दखल घेतलेली नाही. मला हा या प्रकरणातला सगळ्यात मोठा आंधळा कोपरा वाटतो. पाणलोट म्हणजे नदी नाही, नदी त्याचं शेवटचं टोक.

आता शेजारच्या नद्यांशी तुलना करू, कारण त्याशिवाय माझा मुद्दा पुरा होत नाही. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, केटी वेअर, हा आपल्याच जिल्ह्याचा शोध म्हणून महाराष्ट्रभर गेला. दगडी खांब, खांबांना खाचा, खाचांत बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) बसवायचे, दोन रांगांच्या मध्ये माती भरायची, पावसाळ्याआधी बरगे काढायचे म्हणजे पुराला वाट मोकळी. मातीच्या बांधाचीच ही सुधारलेली आवृत्ती म्हणा, फक्त सांगाडा कायमचा. राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी सुरू केलं, ते पुरं व्हायला 1957 साल उजाडलं, आणि त्याचंही पाणी मुख्यतः नदीतच सोडून असल्या बंधाऱ्यांनी अडवायचं आणि शेतकऱ्यांनी, उपसा संस्थांनी वर उचलायचं ही आपली रीत पडली. उत्तम रीत आहे. पण बरगे कोण घालणार? पाटबंधारे खातं. गळती कोण थांबवणार? खातं. बरगे चोरीला गेले, गंजले, उशिरा घातले, तर काय करायचं? फोन करायचा, निवेदन द्यायचं, मग पेपरात फोटो. नदी आटली की उपसाबंदीचा आदेश निघतो, आणि तो मोडणाऱ्याला डेअरीच्या रांगेत उभं राहायला लागत नाही.

धामणीत उलट झालं. बांध दरवर्षी वाहून जायचा म्हणून दरवर्षी बसावं लागायचं. दरवर्षी कोण किती भिजवतो ते परत मोजलं जायचं, गेल्या वर्षीचं भांडण परत निघायचं आणि मिटवायला लागायचं, कारण मिटल्याशिवाय वर्गणी नाही आणि वर्गणीशिवाय पाणी नाही. बांध टिकत नव्हता म्हणून नियम टिकले. हे मी कौतुकानं म्हणत नाही, दरवर्षी शंभर ब्रास माती नदीत घालून आणि कर्ज काढून वर्गणी भरून टिकवायची ही गोष्ट नव्हे. कायमचा बंधारा पाहिजेच, धरण पाहिजेच. पण त्याच्याबरोबर बसायची सवय जाणार का, हा प्रश्न आत्ता विचारायला पाहिजे, कारण राईच्या धरणाचं काम आता शेवटाकडं आलंय.

कायद्यात सोय आहे. महाराष्ट्राचा 2005 चा कायदा, सिंचन पद्धतीचं शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन असं त्याचं नाव, पाणी वापर संस्था करायला लावतो, पाणी मोजून घाऊक द्यायचं म्हणतो, आणि संस्थेच्या संचालक मंडळात वरच्या, मधल्या आणि शेपटाच्या शेतकऱ्यांना सारखी जागा देतो. देवळातल्या बैठकीत जे ठरलं त्याच्याशी हे जुळतं. पण कागदावरची संस्था लाभक्षेत्राच्या नकाशावरनं होते, डेअरीवरनं नाही. बिनजमिनीचे आणि रान नावावर नसलेल्या बायका तिथं परत बाहेर, कारण सभासद व्हायला रान पाहिजे. आणि फ्यूज काढून आणायचा अधिकार कुठल्या उपविधीत बसतो ते मला माहीत नाही, बसवायला मात्र पाहिजे.

गावात यावर दोन तट आहेत. एक म्हणतो धरणाचं पाणी आलं की वर्गणी बंद, डेअरीतलं खातं वाटून टाका. पोरं बहुतेक इकडं. दुसरा, त्यात ते तात्या आणि सेक्रेटरी, म्हणतो वर्गणी निम्मी करा पण बंद नको, डेअरीतलं खातं ठेवा, आणि पाटबंधारे खात्याचा बंधारा झाला की बरगे घालायचं आणि गळती बुजवायचं काम तिन्ही गावांनी स्वतःकडं मागून घ्यायचं, मजुरी पाटबंधारे खात्याकडनं घ्यायची आणि ती बांधाला राबणाऱ्या बिनजमिनीच्या माणसांनाच द्यायची. यावर डेअरीच्या एका तरुण संचालकानं विचारलं की धरण झाल्यावर आपण कशाला नदीत उतरायचं, तर तात्या म्हणाले, "धरण त्यांचं, बूच आपलं." तेवढ्यावर पोरांचं समाधान झालं नाही. गेल्या बैठकीत निर्णय झाला तो मधला, वर्गणी यंदा पूर्ण घ्यायची, मातीचा बांध यंदाही घालायचा, आणि डेअरीतल्या खात्याला हात लावायचा विषय धरणातनं उन्हाळ्यात पहिल्यांदा पाणी सुटल्यावर बघायचा. वरच्या गावानं पाईप आणलेत. खालच्याचे पैसे अजून यायचेत.